दुसरी चाल

वैजयंती शिंत्रेच्या चपला पुढून झिजत. टाचा जवळजवळ नव्या राहत आणि चवड्याखालचा भाग इतका पातळ होई की उजेडाकडे धरला तर तळाची वीण दिसे. कॉलेजात घालायच्या बुटांचं नेमकं उलटं होतं. त्यांच्या टाचा बाहेरच्या कडेनं तिरक्या घासलेल्या असत आणि चवडा शाबूत. सांगलीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ती प्राणिशास्त्र शिकवायची, त्यामुळे असल्या गोष्टी तिच्या नजरेतून सुटत नसत. पण या एका निरीक्षणाचं कारण तिनं कधी शोधलं नाही. चामड्यात फरक असेल म्हणून ती दर वर्षी दोन्ही जोड बदलत राहिली. चपला ती नवऱ्याबरोबर जाताना घालायची आणि बूट एकटी असताना, हेही तिनं कधी शेजारी शेजारी मांडून पाहिलं नव्हतं.

नवरा, रणजित शिंत्रे, क्रीडाशिक्षक म्हणून निवृत्त झालेला. गावात तो चालीवरूनच ओळखू यायचा. लांब ढांगा, ताठ पाठ, मागे बांधलेले हात. तो मागे वळून बघत नसे. खिशात रुमाल आहे हे जसं न चाचपता ठाऊक असतं, तशी बायको मागे आहे हे त्याला ठाऊक असे. मुलगी केतकी लहान असताना एका लग्नाला जाताना वैजयंतीचा पाय गटाराच्या फरशीत अडकला आणि घोट्याचं हाड मोडलं. तिनं दोनदा "अहो" म्हणून हाक मारली. पुढे बँड वाजत होता. बऱ्याच वेळानं रणजित मंगल कार्यालयाच्या फाटकापर्यंत परत आला आणि गटाराच्या कडेला बसलेल्या बायकोला तिथूनच ओरडून म्हणाला, "आहेराचं पाकीट तुझ्याकडंच आहे ना?"

ही गोष्ट वैजयंती स्टाफरूममध्ये रंगवून सांगायची. सगळ्याजणी पोट धरून हसत. तीही हसायची.

डिसेंबरात शाळेच्या क्रीडामहोत्सवात पाहुणा म्हणून संचलनाची सलामी घेताना रणजित उभ्याउभ्या डाव्या अंगावर कोसळला. मेंदूच्या उजव्या भागातली एक रक्तवाहिनी तुंबली होती. डावा पाय आणि डावा हात गेला. जीभ मात्र शाबूत राहिली. डॉक्टरांनी हे सुदैव म्हणून सांगितलं.

पक्षाघातानंतरच्या चालण्याच्या व्यायामाची पद्धत एव्हाना पार बदलली होती. पायांची लय मेंदूत नसते, ती कंबरेतल्या मज्जारज्जूत असते. मेंदू वरून फक्त 'नीघ' आणि 'थांब' एवढंच सांगतो. गुडघा वाकवणं, टाच टेकणं, भार दुसऱ्या पायावर देणं, हे सगळं खालचं खातं परस्पर बघतं. मुंडकं उडवलेली कोंबडी अंगणभर पळते ती याच खात्याच्या जोरावर. वैजयंती हे उदाहरण वर्गात द्यायची आणि दर वर्षी कुणीतरी मुलगी "ई, मॅडम" म्हणायची. झटक्यानंतर वरचे निरोप बंद पडतात आणि बसून बसून खालचं खातं काम विसरतं. कण्यालगत कातडीखाली एक पट्टी बसवून विजेचे बारीक ठोके दिले की ते पुन्हा जागं होतं, इथवर शास्त्र आधीच पोचलं होतं. पण यंत्राचे ठोके अगदी सारखे पडत आणि सारख्या ठोक्यांना रज्जू लवकरच जुमानेनासा होई. माणसाचं पाऊल कधीच सारखं पडत नाही. एखादं किंचित आधी पडतं, एखादं किंचित नंतर, आणि या पुढेमागे होण्यात आधीच्या कितीतरी पावलांचा माग असतो. तशी लय बनवता येईना, म्हणून ती जिवंत माणसाकडून घेऊ लागले. निरोगी माणसानं संवेदक विणलेले मोजे आणि पट्टा घालून चालायचं, आणि रोग्याच्या कण्यातल्या पट्टीनं त्याच लयीत ठोके द्यायचे. याला जोडचाल म्हणत. ज्याच्यासोबत रोगी वर्षानुवर्षं चालला असेल त्याची चाल सगळ्यात लवकर लागू पडे.

"घरातलं कोण चाल देईल?" पुनर्वसन केंद्रातल्या रेश्मा मुजावर या फिजिओथेरपिस्टनं विचारलं.

"ही आहे की." रणजितनं मानेनंच दाखवलं. "पण हिला चाल कुठाय? नुसती फरफट. एनसीसीतलं एखादं पोरगं बघा ना."

"पोरगं परकं पडतं, सर. बायकोची चाल पटकन लागते."

"बायकोचं सगळंच पटकन लागतं," तो म्हणाला आणि अर्ध्या तोंडानं हसला.

नोंद घेण्याच्या दिवशी वैजयंतीला मोजे, पट्टा आणि एक चष्मा दिला. चष्म्याच्या दांडीत बारीक कॅमेरा होता. चालणारा काय बघून निघतो आणि काय बघून थांबतो हे त्यातून यंत्राला कळायचं. पुढे रोग्यानंही तसाच चष्मा घालायचा. खरं तर चाल देणाऱ्यानं पुढे मोकळं चालायचं असतं. पण वॉर्डबॉयनं रणजितची चाकाची खुर्ची हॉलमध्ये ढकलत नेली, वैजयंती आपसूक तिच्या मागे झाली, आणि मुजावर बाईंसकट कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही. सर पुढे आणि बाई मागे, ही जोडी सगळ्यांच्याच डोळ्यांच्या सवयीची होती.

मार्चमध्ये रणजित चालला. मुजावर बाई त्याच्या पुढे चालत होत्या आणि तो त्यांच्या मागे, काठीशिवाय. हॉलमधल्या इतर पेशंटांनी टाळ्या वाजवल्या. पावलं आखूड होती, थोडी चवड्यावर पडत होती, पण पडत होती. केतकीनं पुण्याहून व्हिडिओवर ते बघितलं आणि ती रडली.

पुढच्या आठवड्यात त्याला एकट्याला व्हरांड्याच्या टोकाला जायला सांगितलं. तो उभाच राहिला.

"चला की, सर."

"निघालो की." पाय हलले नाहीत. कपाळावर घाम आला. "जायचंय मला! पाय ऐकत नाहीत."

"राहू दे, दमला असाल." मुजावर बाई खिडकी उघडायला गेल्या. त्याबरोबर रणजितचे पाय निघाले. बाई थांबल्या, तोही थांबला. त्या चकित होऊन दोन पावलं बाजूला सरकल्या, तोही सरकला. वॉर्डबॉयला हसू आवरलं नाही. तो बादली घेऊन बाहेर पळाला.

दोन दिवसांनी मुजावर बाईंनी वैजयंतीला एकटीला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, रागावू नका. चूक माझीच आहे. आम्ही घेतलेली ही चाल म्हणजे मागून चालायची चाल आहे."

"म्हणजे?"

"चालताना लोक वाट बघतात, खड्डा बघतात, दार बघतात. तुमच्या चष्म्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच गोष्ट आहे. पाठ. पाठ हलली की तुमचं पाऊल निघतं. पाठ थांबली की तुम्ही चवड्यावर ब्रेक मारता. यंत्रानं तेच शिकून घेतलं. आता समोर चालती पाठ दिसल्याशिवाय सरांची पट्टी 'नीघ' म्हणतच नाही."

वैजयंतीनं टेबलाखाली आपल्या चपलांकडे बघितलं. इतक्या वर्षांचं निरीक्षण होतं आणि अनुमान दुसऱ्या कुणीतरी काढलं, याचीच तिला आधी लाज वाटली.

"केतकी म्हणते, प्रोग्रॅम बदला."

"बदलून बघितला. सर पडले. एकदा एका माणसाची चाल लागली की रज्जू बाहेरचं काही घेत नाही. घेतलंच तर तुमचंच घेईल." बाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. "आणि तुमची दुसरी चाल आहे. नोंदीच्या दिवशी फोन आला म्हणून पट्टा न काढताच तुम्ही बाहेर गेलात. व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन बोलत बोलत परत आलात. यंत्र चालूच होतं. नंतर नोंद बघितली तर मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचीतरी मिसळली."

पडद्यावर वरच्या ओळीत आखूड, खुडलेल्या लाटा होत्या. खालच्या ओळीतल्या लाटा लांब आणि सैल होत्या. वैजयंती खालच्या ओळीकडे बघत राहिली. स्वतःचा फोटो नकळत कुणी काढावा आणि तो चांगला यावा, तसं तिला झालं.

"एवढी नोंद पुरत नाही, पण काही दिवस पट्टा घालून, सरांच्या पट्टीशी जोडून ही दिलीत तर सर एकटे चालतील."

"द्यायला माझी हरकत असायचं कारण काय?"

मुजावर बाईंनी पडदा पुन्हा आपल्याकडे वळवला. "एका भिंतीवर टांगलेली लंबकाची दोन घड्याळं एकमेकांना आपल्या लयीत ओढतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. ओढ एकाच बाजूनं नसते. जी चाल द्याल ती थोडी त्यांची होते. पहिलीचं झालंच आहे. सरांबरोबर चालताना तुम्ही हल्ली डावा पाय ओढता, बघितलंत का?"

"बघितलंय."

"दुसरी अजून जशीच्या तशी आहे. ती दिलीत की तीही जाईल. इस्लामपूरच्या एकानं भावाला चाल दिली, आता दोघं भाऊ सारखेच लंगडतात."

"परत येते?"

"आजवर कुणाची आली नाही. मे अखेरपर्यंत ठरवा, मॅडम. मग रज्जू घट्ट होतो. त्यानंतर जे असेल ते कायमचं."

"विचार करते," वैजयंती म्हणाली.

मग तिनं विचार करणं पुढे ढकललं. आधी प्रात्यक्षिक परीक्षा होत्या, नंतर पेपर तपासायचे होते, नंतर केतकी चार दिवस येऊन गेली. विचार करण्यासारखं खरं तर फारसं नव्हतं. प्रयोगशाळेपासून स्टाफरूमपर्यंतचा लांब व्हरांडा होता. कॉलेज सुटल्यावर पुलावरून मुद्दाम लांबची वाट धरून घरी येणं होतं. त्या वाटेवर तिचे हात सुटे हलायचे, पर्स खांद्यावर आपटायची, एखाद्या विद्यार्थ्याचं विसरलेलं नाव एकदम आठवायचं. घराच्या कोपऱ्यावर आलं की पावलं आपोआप आखूड व्हायची. ती चाल घरातल्या कुणी बघितलेली नव्हती. तिच्यापाशी असलेली हीच एक गोष्ट घरच्यांच्या उपयोगाला कधी आली नव्हती.

घरात रणजित तिच्या मागे मागे फिरू लागला. ती ओट्याकडे गेली की ओट्याकडे, वॉशिंग मशीनकडे गेली की तिकडे. शेजारच्या पाटोळे वहिनी कुंपणावरून म्हणाल्या, "काय हो सर, सप्तपदी उलटी सुरू केली वाटतं?" रणजित त्यांच्यासमोर हसला. आत आल्यावर त्यानं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"काय घातलंस माझ्या पायात? कुत्र्याची चाल दिलीस मला. मालकामागून हिंडणाऱ्या कुत्र्याची."

"माझ्याकडं होती ती दिली," वैजयंती म्हणाली.

"मुजावरीण म्हणते दुसरी आहे. ती का देत नाहीस?"

"पेपर संपू देत."

एका सकाळी तो दाढी करायला जायचं म्हणून उभा होता आणि ती वर्तमानपत्र घेऊन बसली होती.

"ऊठ की."

"एवढं वाचते."

वाचून झालं होतं. तिनं पाणीपुरवठ्याची जाहीर सूचना पुन्हा वाचली, मग जुन्या गाड्यांच्या जाहिराती वाचल्या. तो उभा होता. दुबळा पाय थरथरू लागला, तेव्हा ती उठली आणि बेसिनकडे जायच्या ऐवजी आधी खोलीला एक फेरी मारून आली. तोही फेरी मारून आला. हे आपण का करतोय, असं तिनं स्वतःला विचारलं. बरं वाटतं म्हणून, असं उत्तर आलं. उत्तराची तिला भीती वाटली नाही. भीती वाटली नाही, याची मात्र वाटली.

मे महिन्यात पाटोळ्यांच्या मुलीचं लग्न होतं, त्याच मंगल कार्यालयात. रणजित आधी नको म्हणाला, पण घरात बसून तो किडत चालला होता. रिक्षातून उतरल्यावर वैजयंती पुढे झाली. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याच्याबरोबर निघताना तिनं बूट घातले होते. गटारावर आता सिमेंटची लादी होती. फाटकाशी आल्यावर मागे न बघता तिनं विचारलं, "आहेराचं पाकीट तुमच्याकडंच आहे ना?"

"मला कुठं दिलंस? तुझ्याकडंच असणार." मग म्हणाला, "हळू चाल. काय घाई आहे?"

त्याला काहीच आठवलेलं नव्हतं. इतकी वर्षं ती गोष्ट तिनं दोघांची म्हणून सांभाळली होती. ती एकटीचीच निघाली.

हॉलमध्ये तिनं त्याला एका खांबाशी उभं केलं. बसायला खुर्ची दिली नाही. "आलेच," म्हणाली आणि बायकांच्या घोळक्यात जाऊन बसली. तिथून खांब दिसत होता. मंगलाष्टकांची वेळ झाली. नवरीचा मामा तिचा हात धरून मधल्या वाटेनं निघाला. खांबाशेजारून मामाची रुंद, रेशमी सदऱ्यातली पाठ गेली, आणि रणजित शिंत्रे तिच्या मागे निघाला.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. लोकांना वाटलं, घरचाच कुणी वडीलधारा असेल. मामा चालला, नवरी चालली, आणि मागून चवड्यांवर तुरुतुरु सर. बोहल्याची पायरी आली तेव्हा मामा थांबला आणि रणजित त्याच्या पाठीवर आदळला. अंतरपाट धरलेले गुरुजी म्हणाले, "अहो, तुम्ही कोण? नवरा इकडं आहे!" सगळा हॉल हसला. पोरांनी मोबाइल वर धरले. कुणीतरी ओरडलं, "सर, कदमताल!" रणजित मान वळवून तिला शोधत होता. तो तोंडानं काही बोलत होता आणि आवाज सनईत बुडत होता. त्याच्या ओठांवरून तिला कळलं, तो "वैजू" म्हणत होता.

वैजयंती लगेच उठली नाही. हातातल्या अक्षता तिनं आधी नीट मुठीत घेतल्या.

घरी आल्यावर तिनं चहा केला. कप पुढे ठेवल्यावर तो म्हणाला, "तू बघत होतीस."

"हो."

"मुद्दाम सोडलंस मला तिथं."

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. झटक्यानंतर अश्रूंवरचा ताबा जातो हे तिला ठाऊक होतं, पण हे तसले नव्हते. तिनं कपाची कड त्याच्या ओठांना लावली. त्यानं चहा घेतला.

मे अखेरीस केतकी पुण्याहून आली. तिघं केंद्रात गेले. हॉलमधल्या टेबलावर मोजे, पट्टा आणि चष्मा काढून ठेवलेले होते. मुजावर बाईंनी पुन्हा एकदा सगळं सांगितलं, केतकीसाठी. काय जाईल, काय मिळेल.

"आई, तू थोडी लंगडशील एवढंच ना?" केतकी म्हणाली. "बाबांचं अख्खं आयुष्य आहे. त्यांचं चालणं म्हणजे काय होतं, तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग अडलंय कुठं?"

वैजयंती पट्ट्याच्या बकलावरून अंगठा फिरवत होती. आतापर्यंत तिनं नाही म्हटलं नव्हतं. हो म्हटलं असतं तरी कुणाला आश्चर्य वाटलं नसतं, तिला स्वतःलाही. इतक्या गोष्टी अशाच दिल्या होत्या. कुणी मागावं एवढाच अवकाश असायचा. रणजितनं आता मागितलं असतं, एकदा, तिच्याकडे बघून, तर तिचा अंगठा कदाचित बकलात गेला असता.

रणजित मुजावर बाईंकडे बघून बोलला.

"तुम्ही सांगा हो हिला. त्या चालीचं हिला करायचंय काय? हिला कुठं जायचंय?"

हॉलमध्ये दोन पेशंट कठड्याला धरून व्यायाम करत होते. वैजयंतीनं पट्टा टेबलावर ठेवला, त्याची टोकं नीट जुळवली आणि दाराकडे निघाली.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग पावलं आली. आखूड, चवड्यावर घासणारी, घाईची आणि थबकणारी. इतकी वर्षं हा आवाज तिच्याच पायांचा होता, पण पुढून कसा ऐकू येतो ते तिला आजवर कळलं नव्हतं. तिच्या ढांगा लांब पडत होत्या. पावलं मागे पडू लागली.

"अगं, हळू," रणजित म्हणाला. "हळू की जरा. अगं ए."

दाराशी ती थांबली. मागची पावलंही थांबली, अडखळून, भिंतीचा आधार घेऊन. केतकी धावत आली असावी, बांगड्या वाजल्या. वैजयंतीनं वळून बघितलं नाही.

"मुजावर मॅडम," ती म्हणाली, आणि वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचावा तसा तिचा आवाज हॉलभर पोचला, "ही चाल मी देणार नाही. आणि उद्यापासून यांच्या पुढं चालायला दुसरं कुणीतरी बघा."